शंभर दाण्यांचा हिशेब
आज दिवसभर मक्याचं बियाणं निवडणं चाललं होतं, म्हणून हे लिहितोय. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष शेतकरी महिलांचं म्हणून जाहीर केलंय. बियाणं राखणं हे बऱ्याच ठिकाणी बायकांकडेच असतं, पण अर्जात 'व्यवसाय' या रकान्यात लिहिलं जातं 'गृहिणी'!

कणसं बांधालगतची घ्यायची नाहीत, शेजारच्या वाणाचे पराग तिथे आधी पोचतात. शेताच्या मधली, तीही उभ्या पिकात हेरून ठेवलेली. टोकाचे आणि बुडाचे दाणे बाजूला. दाणा दाताखाली कटकन फुटला तर वाळलाय, नुसता दबला तर अजून ऊन हवं. आणि उन्हातून उचलून गरम दाणे तसेच डब्यात भरले की आत घाम सुटतो, बुरशी धरते. घाईत हमखास होणारी चूक. आधी सावलीत गार करायचे.

पेरणीआधी १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळायचे, फडकं सुकू द्यायचं नाही, सातव्या दिवशी मोजायचे. ८० उगवले तर नेहमीचं प्रमाण. ६०च आले तर बियाणं एक तृतीयांशाने वाढवायचं. त्याहून कमी आले तर ते दाणे दळायला.