मुंबईहून न्यूअर्कला उतरताना दिलेला ग्लोबल एंट्रीचा इंटरव्ह्यू

निघायच्या आदल्या रात्री डोंबिवलीच्या घरी मी भरलेल्या बॅगा पुन्हा उघडल्या. मे महिना होता, आईने उन्हाळ्याचं वाळवण बांधून दिलं होतं. कुरडया, पापड, सांडगे, आमसुलं, शिवाय गोडा मसाला आणि मेतकूट. सगळ्यांत तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला कढीपत्ता निघाला. वहिनीने कुंडीतला खुडून हळूच ठेवला होता. तो मी तिच्या हातात परत दिला तेव्हा तिचा चेहरा उतरला आणि मलाही वाईट वाटलं. पण या खेपेला अमेरिकेत न्यूअर्कला उतरल्या उतरल्या मला ग्लोबल एंट्रीचा, म्हणजे इमिग्रेशनची रांग टाळायच्या सोयीचा, इंटरव्ह्यू द्यायचा होता. अधिकाऱ्याने बॅगेत काय आहे विचारल्यावर मला अडखळायचं नव्हतं.

कढीपत्त्याला एवढा विरोध का, हे वहिनीला समजावून सांगितलं, तसंच इथेही सांगते. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले. संत्र्या-लिंबाच्या बागा खलास करणारा ग्रीनिंग रोग ज्या किडीमुळे पसरतो, ती कढीपत्त्यावरही राहते. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला सिट्रस सायला हे त्या किडीचं नाव सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. हापूसचंही तसंच. २००७ पासून भारतातला आंबा अमेरिकेत येतो, पण विकिरण प्रक्रिया होऊन व्यापारी मालातूनच. बॅगेतला आंबा चालत नाही, मग तो एकच असो की आख्खी पेटी.

ग्लोबल एंट्री म्हणजे परदेशातून अमेरिकेत परतताना इमिग्रेशनची लांबलचक रांग टाळून, कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून पुढे जायची सोय. ही सीबीपीची, म्हणजे अमेरिकी सीमाशुल्क आणि सीमासुरक्षा खात्याची योजना, २००८ साली सुरू झालेली. सदस्यत्व पाच वर्षांचं. फी १ ऑक्टोबर २०२४ पासून १२० डॉलर झाली, त्याआधी १०० होती, आणि अर्ज नाकारला गेला तरी ती परत मिळत नाही. देशांतर्गत प्रवासातलं टीएसए प्रीचेक, म्हणजे विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीची झटपट रांग, त्यातच येतं. काही क्रेडिट कार्डं ही फी भरून देतात, तेव्हा पैसे भरण्याआधी आपल्या कार्डाच्या सवलती वाचून घ्या. आणि वेबसाइटचा पत्ता नीट पाहा. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या पण जास्तीचे पैसे उकळणाऱ्या साइट बऱ्याच आहेत. खऱ्या पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह असतंच.

इंटरव्ह्यूची खरी तयारी अर्ज भरतानाच होते. तिथे मागच्या पाच वर्षांचे राहण्याचे पत्ते, नोकऱ्या आणि फिरलेले देश विचारतात, आणि मध्ये एका महिन्याचीही फट चालत नाही. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, घरी होते ती वर्षं 'अनएम्प्लॉइड' लिहून भरली. ते लिहिताना मनाला लागलं, पण रकाना रिकामा ठेवू नका. देशांच्या यादीत दोन दिवसांची सहलही घाला.

आपल्या बायकांचं सगळ्यांत जास्त अडतं ते नावापाशी. माझं लग्नात नावच बदललं. ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने लिहिलेलं नाव पुढे गॅझेटमध्ये गेलं, पासपोर्टवर आलं, तिथून ग्रीनकार्डावर. म्हणजे पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही वेगळी. दहावीच्या सर्टिफिकेटवरची मुलगी आणि पासपोर्टवरची बाई कागदोपत्री दोन वेगळ्या व्यक्ती. अर्जात 'पूर्वी वापरलेली नावं' असा प्रश्न असतो, तिथे माहेरचं पूर्ण नाव लिहा. फक्त आडनाव बदललं असेल तरी लिहा. वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव मधे आलं हाही बदलच आहे. माझ्या एका मैत्रिणीने 'आता ते कोण वापरतंय' म्हणून रकाना सोडला, आणि इंटरव्ह्यूत जुन्या व्हिसावरचं नाव समोर आल्यावर तिला बरंच स्पष्टीकरण द्यावं लागलं.

अर्जाची छाननी झाली की कंडिशनल अप्रूव्हल, म्हणजे सशर्त मंजुरी येते. तिथून ७३० दिवसांच्या आत इंटरव्ह्यू द्यायचा. त्याचे दोन मार्ग. एक, एनरोलमेंट सेंटरची अपॉइंटमेंट घ्यायची. दोन, एनरोलमेंट ऑन अरायव्हल, म्हणजे परदेशातून येतानाच इमिग्रेशनच्या काउंटरवर उभ्या उभ्या इंटरव्ह्यू उरकायचा. त्याला अपॉइंटमेंट लागत नाही. मात्र ही सोय ठरावीक विमानतळांवर आणि ठरावीक वेळांतच असते, म्हणून तिकीट काढताना यादी पाहा. जिथे अमेरिकेची पहिली इमिग्रेशन तपासणी होते तिथेच हे करता येतं. अबू धाबीमार्गे येणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. त्या मार्गावर अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच होतं आणि इथे तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. न्यूयॉर्कला पोचून विचारलंत तर उपयोग नाही. पुढचं विमान पकडायचं असेल तर मधे चांगला वेळ ठेवा.

मी मुंबईहून थेट न्यूअर्कचं विमान घेतलं होतं. पंधरा-सोळा तासांचा प्रवास, डोळे चुरचुरत होते. इमिग्रेशनच्या हॉलमध्ये शिरल्यावर रांगेत घुसायच्या आधी तिथल्या कर्मचाऱ्याला मंजुरीचं छापील पत्र दाखवलं आणि 'ग्लोबल एंट्रीचा इंटरव्ह्यू द्यायचा आहे' एवढंच म्हटलं. त्याने वेगळ्या रांगेकडे हात केला. हे पत्र छापूनच न्या. विमानतळाचं वायफाय आणि संपत आलेली बॅटरी यांच्या भरवशावर राहू नका. माझ्यापुढे चारच माणसं होती.

काउंटरवर पन्नाशीच्या बाई होत्या. पासपोर्ट, ग्रीनकार्ड आणि ड्रायव्हिंग लायसन्स पुढे ठेवलं. आम्ही मार्चमध्ये घर बदललं होतं आणि लायसन्सवर जुनाच पत्ता होता. त्यांनी तो पडद्यावरच्या पत्त्याशी ताडून पाहिला आणि मान वर केली. मी नव्या पत्त्याचं विजेचं बिल काढलं. बिलावर नवऱ्याच्या नावासोबत माझंही नाव होतं, ते त्यांनी बोटाने शोधलं आणि मग पुढे गेल्या. घरातलं प्रत्येक बिल एकाच्याच नावावर असेल तर इंटरव्ह्यूच्या आधी निदान एकावर तरी दुसऱ्याचं नाव चढवून घ्या.

मग प्रश्न. कुठे गेला होतात, किती दिवस, काम काय करता, कधी अटक झाली आहे का, कुठल्याही देशात. नावाचं विचारलं तेव्हा मी आमच्याकडे लग्नात काय होतं ते दोन वाक्यांत सांगितलं. त्या म्हणाल्या, 'पहिलं नावसुद्धा?' मी हो म्हटलं. त्यांनी काहीतरी टाइप केलं, बस.

पुढचा प्रश्न मला आतून खात होता. कस्टम्सने कधी काही काढून घेतलं आहे का? २०१५ मध्ये आम्ही दोन डाळिंबं आणली होती. फॉर्मवर लिहिली होती, पण ती ठेवून घेतली गेली. दंड नव्हता, पावती नव्हती. मनात आलं, याची नोंद असेल की नसेल, कशाला काढायचा विषय. तरीही सांगितलं. बाईंनी शांतपणे विचारलं, 'तुम्ही आपणहून सांगितलं होतं ना? मग तो गुन्हा नाही.' लपवलेली वस्तू आणि सांगितलेली वस्तू यांत फरक आहे, आणि तो सगळ्यात मोठा फरक आहे. न चालणारी वस्तू आपणहून सांगितली तर ती फक्त फेकली जाते. लपवलेली सापडली तर दंड होऊ शकतो आणि ग्लोबल एंट्रीही हातची जाऊ शकते, मिळालेली असली तरी. वहिनीचा कढीपत्ता त्याच क्षणी आठवला.

'आज काय आणलंय?' असं त्यांनी विचारल्यावर मी पर्समधून कागद काढला. आदल्या रात्रीच सगळी यादी इंग्रजीत लिहून ठेवली होती. कुरडया म्हणजे गव्हाच्या चिकाचं वाळवण, सांडगे म्हणजे डाळीचे वाळवलेले गोळे, आमसूल म्हणजे वाळवलेलं फळ. हे तिथे उभं राहून, झोपेच्या तंद्रीत, समजावणं सोपं नाही. कागद फार कामी आला. पुढे बॅगांपाशी एका अधिकाऱ्याने आमसुलांची पिशवी उघडून पाहिली, बी नाही ना याची खात्री केली आणि परत बांधून दिली. तुमच्या वेळी तो अधिकारी काय ठरवेल ते त्याच्या हातात, पण यादी तुमच्या हातात असू द्या.

बोटांचे ठसे मात्र लवकर उमटेनात. विमानातल्या कोरड्या हवेने हात लाकडासारखे झाले होते. तीनदा काचेवर दाबून झालं. बाई म्हणाल्या, 'कपाळावर बोटं घासा.' मी घासली, कपाळाचा तेलकटपणा बोटांना लागला आणि चौथ्या वेळी चारही ठसे स्वच्छ उमटले. उतरायच्या आधी हाताला थोडं क्रीम लावलंत तर एवढंही करावं लागणार नाही. मग फोटो. सगळं मिळून आठ-दहा मिनिटं. पार्किंगपर्यंत पोचायच्या आत मंजुरीची ईमेल आली होती. कुणाकुणाला काही दिवस थांबावं लागतं, म्हणून घाबरू नका.

नवरा आणि नऊ वर्षांची लेक यांनी अपॉइंटमेंटचा मार्ग धरला होता. आमच्या जवळच्या सेंटरवर कित्येक महिने तारीखच नव्हती. सेंटर कुठलंही चालतं हे लक्षात आल्यावर त्याने फिलाडेल्फियाची तारीख घेतली. कुणी रद्द केलेल्या वेळा अधूनमधून मोकळ्या होतात, रोज सकाळी एकदा डोकावत राहिलं की मिळते. लेकीला नाव, वाढदिवस आणि शाळा विचारली. मुलांचा वेगळा अर्ज करावाच लागतो, तान्ह्या बाळाचासुद्धा, कारण आईवडिलांच्या सदस्यत्वावर मुलं त्या रांगेतून जाऊ शकत नाहीत. पालक सदस्य असेल किंवा अर्ज करत असेल तर अठरा वर्षांखालच्यांना फी नाही. इंटरव्ह्यूला आई किंवा बाबा सोबत हवेत.

भारतात राहणाऱ्यांसाठी एक वेगळा टप्पा आहे. भारतीय नागरिकांना २०१७ पासून हा अर्ज करता येतो. माझा भाऊ कामासाठी वर्षातून तीन-चारदा इकडे येतो, त्याने केला. आधी अमेरिकेच्या साइटवर अर्ज आणि फी, मग पासपोर्ट सेवाच्या पोर्टलवर जीईपीसाठीची (म्हणजे ग्लोबल एंट्री प्रोग्रॅमसाठीची) पार्श्वभूमी पडताळणी, त्यात पासपोर्ट केंद्राची फेरी आणि पोलीस व्हेरिफिकेशन. त्याला धीर लागतो. ग्रीनकार्डधारकांना हा भाग करावा लागत नाही. इंटरव्ह्यूचं सेंटर भारतात नाही, त्यामुळे भारतात राहणाऱ्यांसाठी उतरतानाचा इंटरव्ह्यू हाच सोयीचा मार्ग. आईबाबांसाठी करू का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. दोन-तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या ज्येष्ठांसाठी मी एवढा खटाटोप करणार नाही, व्हीलचेअरची मदत मागून घेईन.

भारतातल्या विमानतळांवर इमिग्रेशन झटपट उरकायची भारताची स्वतःची एफटीआय-टीटीपी योजना वेगळी, दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. तिची सुरुवात जून २०२४ मध्ये दिल्लीत झाली, जानेवारी २०२५ मध्ये ती मुंबईत आली. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आणि ओसीआय कार्डवाल्यांसाठी (म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांसाठी) ती मोफत आहे. ऑनलाइन अर्ज करून बायोमेट्रिक विमानतळावर देता येतं, मात्र पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली हवी. इकडचं आटोपलं की तेही करून टाका.

मंजुरी मिळाल्यावर दोन-तीन कामं लगेच करायची. टपालाने येणारं कार्ड तीस दिवसांत ऑनलाइन चालू करावं लागतं. टीएसएच्या रांगेत ते कार्ड दाखवून भागत नाही. त्यावरचा नंबर प्रत्येक तिकिटात 'नोन ट्रॅव्हलर नंबर' म्हणून घालायचा, आणि तिकिटावरचं नाव सदस्यत्वातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे मधलं नाव कधी पहिल्या नावाला चिकटवतात, कधी गाळतात. नवऱ्याच्या बोर्डिंग पासवर प्रीचेक येत नव्हतं ते यामुळेच. एअरलाइनच्या प्रोफाइलमध्ये नाव दुरुस्त केल्यावर आलं.

पासपोर्टचं नूतनीकरण झालं की नवा नंबर साइटवर लगेच भरा, पत्ता बदलला तर तोही. नाव किंवा नागरिकत्व बदललं तर सेंटरवर जावं लागतं. सदस्यत्व संपायच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, आणि तो मुदतीच्या आत केला तर निर्णय लांबला तरी चोवीस महिन्यांपर्यंत सोय चालू राहते. माझा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतोय. नवा हातात आला की त्याच दिवशी नंबर बदलायचा, हे मी आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.