एकवचनात धाडस, अनेकवचनात धडधड

नर्व्हस हा शब्द आपल्याकडे आता मराठीच झालाय. तोंडी परीक्षेआधी नर्व्हस, बघायला पाहुणे येणार म्हणून नर्व्हस, सचिन नव्वदीत पोचला की तर आख्खी चाळ नर्व्हस व्हायची. पण तो ज्या नर्व्हपासून निघाला तो इथे इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये रोज कानावर पडतो आणि बरेचदा अर्थ अगदी उलटा असतो.

परवा बसस्टॉपवर एक पोरगा रांग सोडून सरळ पुढे घुसला. माझ्या पुढच्या आजीबाई त्याला एक शब्द बोलल्या नाहीत, माझ्याकडे वळल्या आणि त्याला नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, 'ही हॅज गॉट अ नर्व्ह!' यात कौतुक शून्य हं, निर्लज्जपणा बघा मेल्याचा, असा त्याचा अर्थ. इथे उत्तरेत अशा माणसाला 'ब्रास नेक' आहे असंही म्हणतात, पितळेची मान!

ढोबळ हिशोब असा की नर्व्ह एकटा असला की हिंमत, आणि अनेकवचन झालं की पोटात गोळा. 'लूज युवर नर्व्ह' म्हणजे ऐनवेळी अवसान गळणं, 'होल्ड युवर नर्व्ह' म्हणजे धीर न सोडता टिकून राहणं. आणि 'बॅग ऑफ नर्व्ह्ज' म्हणजे ड्रायव्हिंग टेस्टच्या वेटिंग रूममध्ये बसलेलं कुणीही, एक सीरियस फॉल्ट झाला की नापास हे माहीत असल्यावर दुसरं काय होणार! 'नर्व्ह्ज ऑफ स्टील' मात्र हा हिशोब मोडतं, तिथे अनेकवचन असूनही माणूस पोलादी.

शेफिल्डवाल्यांना हे समजावून सांगा म्हटलं की गाडी हमखास स्नूकरवर जाते. गावातल्या क्रुसिबल थिएटरमध्ये 1977 पासून वर्ल्ड चॅम्पियनशिप होते आणि 1985 ची फायनल म्हणजे इथलं पुराणच. स्टीव्ह डेव्हिस 8-0 ने पुढे, आणि तिथून डेनिस टेलरने ओढत ओढत 17-17 केलं, मग शेवटची फ्रेम म्हणजे निर्णायक डाव, त्यातही शेवटचा काळा बॉल, मध्यरात्र उलटून गेलेली, टीव्हीसमोर सुमारे 1 कोटी 85 लाख लोक जागे. दोघंही तो काळा पॉकेटमध्ये घालू शकत नव्हते. शेवटी डेव्हिसला एक बारीक कट मिळाला, एरवी त्याने सहज मारला असता, तो हुकला आणि टेलरने बॉल घालून क्यू, म्हणजे खेळायची काठी, दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. आख्ख्या मॅचमध्ये तो पुढे गेला तो फक्त त्या एका क्षणी! आता यात नर्व्ह कोणाचा टिकला यावर लोक अजून वाद घालतात, माझ्या मते नर्व्ह्ज दोघांचेही होते, नर्व्ह एकाचा किंचित जास्त पुरला.

मुळात लॅटिनमध्ये 'नेर्वुस' (nervus), ज्यातून नर्व्ह आला, म्हणजे स्नायुबंध, धनुष्याची दोरीसुद्धा. म्हणून अजून 'स्ट्रेन एव्हरी नर्व्ह' म्हणतात, म्हणजे अंगातली सगळी ताकद लावणं, घाबरण्याचा त्यात काही संबंध नाही. आपला स्नायूही त्याच जुन्या कुळातला, तो घाबरण्याकडे न जाता अंगमेहनतीतच राहिला. 'टच अ रॉ नर्व्ह' तर आपलंच वाटतं, दुखऱ्या नसेवर बोट!

आणि जो तुम्हाला सगळ्यात जास्त ऐकू येईल तो 'गेटिंग ऑन माय नर्व्ह्ज', म्हणजे डोक्यात जातोय. इथली माणसं हे त्या माणसाच्या तोंडावर फारसं बोलत नाहीत, त्याच्यासाठी चहा करून देतात आणि तो किचनमधून बाहेर पडला की मग बोलतात.