टेम्स फॉयरमधून टेम्स दिसत नाही

"पण नदी कुठाय?" लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात, टेम्स नदीचं नाव असलेल्या ‘टेम्स फॉयर’ या दालनात चहा घेताना शेजारच्या टेबलावरून आलेला प्रश्न. खरंच, तिथे डोक्यावर काचेचा घुमट आहे. नदी नाही.

हॉटेल १८८९चं. एक बाजू स्ट्रँड या रस्त्याकडे, दुसरी टेम्सकडे. नदी हवी असेल तर बुकिंगमध्ये ‘रिव्हर व्ह्यू’ असं स्पष्ट लिहिलंय ना, ते बघा. नुसत्या ‘डिलक्स’वर जाऊ नका. आणि मजला वरचा मागा. हॉटेल आणि नदीच्या मधल्या एंबँकमेंटच्या (नदीकाठच्या रस्त्याच्या) बागेतली झाडं उन्हाळ्यात खालच्या मजल्यांची नदी खाऊन टाकतात.

चित्रकार मोने १८९९ ते १९०१ दरम्यान इथे येऊन राहिला, तोही पाचव्या-सहाव्या मजल्यावर. डावीकडे वॉटर्लू पूल, उजवीकडे चेरिंग क्रॉसचा. दोन्ही त्याने इथूनच रंगवले. त्याला धुकं हवं होतं, आपल्याला नको असतं, एवढाच फरक!

हो, चेक-इनला कार्डावर डिपॉझिट अडकवतात. क्रेडिट कार्डच द्या. फॉरेक्स कार्ड (आधी पैसे भरून ठेवलेलं परकीय चलनाचं कार्ड) दिलंत तर ती रक्कम सुटायला कधीकधी बरेच दिवस लागतात आणि पुढच्या शहरात हात आखडतो.

बाहेर एंबँकमेंटवर हीच नदी फुकट दिसते. खिडकीसाठी तुम्ही जास्तीचे पैसे मोजाल?