किती लांब? तासात सांगा!

अमुक शहर किती लांब आहे असं कुणी विचारलं की आपण किलोमीटर सांगतो का कधी? "अकरा तास" म्हणतो आणि मोकळे होतो. मला मात्र एक खोड आहे, कुठे जायचं नसतं, तिकीट नाही की व्हिसा नाही, तरी रात्री आडवं पडून फोनवर दोन शहरांची नावं टाकायची आणि मधलं अंतर बघत बसायचं. परवा टोकियो ते सॅन फ्रान्सिस्को टाकलं. साधारण ८,२७० किलोमीटर. विमान ताशी ९०० ने जातं असं धरलं तर सव्वानऊ तास, झाला हिशोब. मग वेळापत्रक उघडलं तर जाताना नऊ-साडेनऊ तास आणि येताना अकरा! समुद्र तोच, विमान तेच, मग दीड-दोन तास गेले कुठे?

वाऱ्यात गेले. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची नदीच वाहते म्हणा ना, जेट स्ट्रीम, आणि हिवाळ्यात तिला भलताच जोर चढतो. पूर्वेला जाणारं विमान तिच्यावर स्वार होतं, पश्चिमेला जाणारं तिच्याशी झुंजतं. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांच्या जोरावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात. (आवाजापेक्षा वेगानं उडणाऱ्या काँकर्ड विमानाची बात वेगळी, ते लंडनहून निघून न्यूयॉर्कच्या घड्याळात निघायच्या वेळेआधीच उतरायचं. २००३ ला तेही बंद पडलं.)

आणि नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजाल तर फसाल. मी पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघितलाय. टोकियो आणि सॅन फ्रान्सिस्को दोन्ही बोटांनी दाबून धरा, दोरा घट्ट ओढा, तो आपोआप वर सरकतो, पार उत्तरेला, अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांच्या दिशेनं. सपाट कागदावर हाच रस्ता वाकडा दिसतो आणि आपल्याला वाटतं पायलट उगाच फिरवून नेतोय.

त्यात तिकिटावरचे तास म्हणजे नुसते हवेतले नसतातच, गेटवरून हललं तेव्हापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतचे सगळे त्यात येतात, रनवेवर रांगेत उभं राहणंसुद्धा. सिंगापूर-न्यूयॉर्क म्हणजे १५,३०० किलोमीटरच्या वर, एका दमात, जवळजवळ एकोणीस तास. एवढ्या वेळात माणूस दोनदा झोपून उठतो, आणि समोरच्या स्क्रीनवरचं ते विमान (जे एखाद्या देशाएवढं मोठं काढलेलं असतं) बोटभर सरकलेलं असतं फक्त.

एकदा अशाच पश्चिमेच्या प्रवासात शेजारचे काका दर थोड्या वेळानं विचारत होते, "किती राहिलं हो?" स्क्रीनवर वेग ७८० दाखवत होता, समोरून वारा, बाहेर उणे ५४. मी आपला उत्साहात, म्हटलं, "काका, २,२०० किलोमीटर."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, ते नका सांगू. वेळ सांगा."