आवळ्याचे पाणी आणि लाखोळीचे पाणी

आवळ्याच्या कँडीच्या पाकिटावर '100 ग्रॅममध्ये 600 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व' असे छापायचे की नाही, एवढ्याच प्रश्नासाठी मला त्या गावात बोलावले होते. मी कृषी विज्ञान केंद्रात गृहविज्ञान आणि अन्नप्रक्रियेचे काम पाहते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या या गावाला लागूनच जंगल असल्यामुळे धानाची कापणी आटोपली की बायका आवळा गोळा करतात आणि बचत गटात त्याची कँडी व सुपारी तयार होते. या वेळी एका खरेदीदाराने पाकिटाचा नमुना स्वतःच तयार करून पाठवला होता आणि 600 हा आकडा त्याच्यावर ठळक अक्षरांत होता.

हा आकडा कोठून येतो, हे मला ठाऊक होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात आवळ्यापुढे 600 मिलिग्रॅम असे लिहिलेले आहे आणि अनेक जण अजूनही तोच उचलतात. त्याच संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या नव्या तक्त्यात मात्र तो 252 आहे. शिवाय हे दोन्ही आकडे ताज्या, कच्च्या फळाचे आहेत. उकडून, पाकात मुरवून, वाळवून झालेल्या फोडीला ते लागू होत नाहीत. हे नुसते सांगून मी परत आले असते तर 'मॅडमचे पुस्तक वेगळे आणि शेठचे पुस्तक वेगळे' एवढेच बायकांना वाटले असते, म्हणून आधी त्यांची कृती पाहायचे मी ठरवले.

चुलीवर मोठ्या गंजात आवळे बुडतील इतके पाणी घालून ते रटरट उकळत होते. आवळ्याच्या पाकळ्या आपोआप सुटू लागल्या की गंज उतरवायचा, पाणी निथळून टाकायचे, बिया काढायच्या आणि पाकळ्यांवर साखर घालून त्या काही दिवस मुरत ठेवायच्या, अशी त्यांची रीत. निथळलेले पाणी हिरवट पिवळे दिसत होते आणि त्याचा तुरट वास ओसरीपर्यंत येत होता. गटातल्या एका बाईने ते मोरीजवळच्या केळीच्या बुडाशी ओतायला उचलले तेव्हा मी तिला थांबवले आणि त्यातले वाटीभर बाजूला काढायला सांगितले.

परीक्षेसाठी लागणारे सामान गावातच मिळण्यासारखे होते. जखमेला लावायचे पोव्हिडोन आयोडीन औषधाच्या दुकानातून आणून ते पाण्यात पातळ केले आणि स्टार्चसाठी सकाळच्या भाताची पेज घेतली. धानाच्या मुलखात पेज मागावी लागत नाही. पेजेत आयोडीन पडले की ती काळपट निळी होते. परंतु तिच्यात क जीवनसत्त्व असेल तर ते आयोडीनचा रंग घालवते, आणि ते पुरते संपल्यावरच निळा रंग टिकून राहतो. म्हणजे जितके थेंब जास्त पचतील, तितके जीवनसत्त्व जास्त. नमुने चार घेतले: ताज्या आवळ्याचा रस, उकडलेल्या पाकळ्यांचा रस, निथळलेले पाणी आणि उघड्या उन्हात वाळवलेली सुपारी भिजवून काढलेला अर्क. चारही नमुन्यांचा हिशोब ओल्या आवळ्याच्या सारख्याच वजनाशी जुळवून घेतला. असे केले नाही तर वाळलेला माल उगीचच श्रीमंत दिसतो, कारण त्यातले पाणी उडून गेलेले असते आणि 100 ग्रॅम सुपारीसाठी त्याच्या कितीतरी पट ओला आवळा लागलेला असतो. पाकिटावरच्या बऱ्याच दाव्यांची गोम येथेच असते, असे माझे मत आहे.

ताज्या रसाने इतके थेंब पचवले की थेंब टाकणारी मुलगी हात भरून आला म्हणून दुसरीला पिचकारी देऊन मोकळी झाली. उकडलेल्या पाकळ्यांचा रस त्या मानाने लवकर निळा पडला. खरी शांतता पसरली ती तिसऱ्या पेल्याच्या वेळी. जे पाणी केळीला जाणार होते, ते थेंबामागून थेंब रंगहीन करत राहिले आणि पाकळ्यांच्या रसापेक्षा फार मागे राहिले नाही. सुपारीचा अर्क सर्वांत आधी काळवंडला.

या परीक्षेची मर्यादा मी त्यांना तेथेच सांगितली. आयोडीनचा रंग केवळ क जीवनसत्त्वच घालवते असे नाही. आवळ्यातील टॅनिनसारखी तुरट द्रव्येही थोडा रंग खातात, म्हणून यावरून तुलना करता येते, मिलिग्रॅम काढता येत नाहीत. परंतु ही तुरट द्रव्ये हिशोबात वेगळी धरण्यासारखीच आहेत. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, उष्णतेने आणि हवेतील ऑक्सिजनने नष्ट होते आणि तांब्या-लोखंडाच्या संपर्कात हा नाश अधिक वेगाने होतो. टॅनिन आणि गॅलिक आम्लासारखी पॉलिफिनॉल द्रव्ये उष्णतेला त्या मानाने पुष्कळ टिकतात. वाळवताना मोठ्या टॅनिनचे तुकडे होऊन गॅलिक आम्ल मोकळेही होते. त्यामुळे सुपारीत क जीवनसत्त्व फारसे उरले नसले तरी तिची अँटिऑक्सिडंट शक्ती सगळीच गेली असे म्हणता येत नाही. या दोन गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात, ही माझी जुनी तक्रार आहे.

उपाय अवघड नव्हता. आवळे पाण्यात न बुडवता मोठ्या गंजावर चाळणी ठेवून वाफेवर सोडवायचे, म्हणजे निथळून जाणारे पाणी फारच थोडे राहते. जे खाली जमेल ते साखरेच्या पाकात घालायचे. लोखंडी कढई वापरायची नाही. आणि वाळवण उघड्या उन्हाऐवजी सौर वाळवणीयंत्रात करायचे. हे बोलून झाले आणि मला वाटले, काम आटोपले.

तेवढ्यात खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी विचारले, "बाई, तुमी म्हणता पानी फेकू नोका. पन लाखोळीचं पयलं पानी फेकाच लागते, असं माह्या सासूनं शिकवलं. मंग आमी कोनतं खरं धराचं?"

प्रश्न अगदी नेमका होता. पूर्व विदर्भात धान कापणीला येण्याआधीच बांधीतल्या ओलीवर लाखोळी या कडधान्याचे बी फेकून पेरतात आणि ती फारशी मेहनत न घेता येते. मात्र तिच्यात ओडॅप नावाचे अमिनो आम्ल असते. दुष्काळात दुसरे काहीच खायला नसताना महिनोन् महिने लाखोळीवरच पोट भरणाऱ्यांचे पाय यामुळे कायमचे लुळे पडले, अशा साथी मध्य भारतात होऊन गेल्या आहेत. 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी येण्याचे कारण हेच होते. हे ओडॅपही क जीवनसत्त्वासारखेच पाण्यात विरघळते.

"आजी, तुमच्या सासूबाईंचं खरं आहे आणि माझंही," असे मी म्हणाले, आणि मग आवळा बाजूला ठेवून आम्ही लाखोळीवरच बोलत बसलो. पाण्यात जे विरघळते ते पाण्याबरोबर जाते. ते हवे आहे की नको, हे पाण्याला कळत नाही. लाखोळीची डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिले आणि पुन्हा नव्या पाण्यात शिजवली, तर ओडॅपचा मोठा भाग निघून जातो. त्याबरोबर थायमिन, फोलेट यांसारखी ब गटातील जीवनसत्त्वेही काही प्रमाणात वाहून जातात, पण प्रथिने बहुतांशी डाळीतच राहतात. हा तोटा येथे पत्करायचा असतो. तुरीच्या डाळीत असे काही काढून टाकायचे नसल्यामुळे तिचे शिजवलेले पाणी ओतून देणे मात्र निव्वळ नुकसान आहे.

आजींचे एवढ्याने समाधान झाले नाही. भाकरीसाठी लाखोळी दळतात तेव्हा काय, असे त्यांनी विचारले. कोरड्या पिठाला पाणी लागून ते ओतले जात नाही, म्हणून तेथे ओडॅप बरेचसे आत राहते. दळायचीच असेल तर आधी भिजवून, पाणी टाकून, वाळवून दळावी, आणि रोजचे मुख्य अन्न तर ती कधीच करू नये. रतन, प्रतीक, महातेवडा हे कमी ओडॅपचे वाण आहेत, पण गावात जपलेले बियाणे कोणते, हे दाण्याकडे पाहून ओळखता येत नाही. दुसऱ्या एका बाईने ते पहिले पाणी ढोरांना पाजावे का, असे विचारले, त्यावर मी सरळ नाही म्हणाले; जनावरांचेही पाय यानेच जातात.

डाळ लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा टाकण्याची सवय गावात घरोघरी निघाली. सोड्याने पाणी अल्कधर्मी होते आणि थायमिन त्यात झपाट्याने नष्ट होते, तेव्हा जी डाळ भिजवून शिजू शकते तिच्यात सोडा कशाला? मटकी-मुगाला मोड आणले तर तेथे उलटा प्रकार घडतो: कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोड येताना तयार होते आणि लोह अडवून ठेवणारे फायटेट कमी होते. इथिओपियात 1990 च्या दशकातल्या लाखोळीच्या साथीचा अभ्यास झाला तेव्हा, ज्या घरांत ती धान्यात मिसळून आणि कांदा, लसूण, आले यांसारख्या अँटिऑक्सिडंट असलेल्या पदार्थांसह खाल्ली जात होती, तेथे धोका कमी आढळला. लाखोळीच्या वरणाबरोबर भात आणि आवळ्याची चटणी हा त्या गावातला नेहमीचा बेत आहे. चटणीतला आवळा कच्चाच वाटतात. डाळीतले लोह अंगी लागायला त्याची मदतच होते. प्रौढ बाईला दिवसाला 65 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते आणि नव्या तक्त्याप्रमाणेही सुमारे 30 ग्रॅम कच्चा आवळा त्याला पुरतो.

पाकिटाचा प्रश्न शेवटी असा मिटला की 600 चा आकडा गटाने खोडला. वाफेवर सोडवलेल्या पुढच्या घाण्याची कँडी आणि जुन्या पद्धतीची कँडी, असे दोन नमुने उजेड लागू नये म्हणून काळ्या पिशवीत बांधून तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवायचे ठरले. अहवालात येईल तोच आकडा, तोही 100 ग्रॅम कँडीमागे, छापायचा, हे गटाच्या सचिवांनी वहीत लिहून घेतले. खरेदीदाराला फोन करायचे काम त्यांनी माझ्याकडे दिले. ते मी रस्त्यातच केले आणि त्याला ते फारसे आवडले नाही.