संगणक सुरू व्हायला वेळ लागतो तेव्हा

संगणक सुरू होताना रेंगाळू लागला की अनेक जण लगेच ‘सफाई’ करणारे एखादे सॉफ्टवेअर उतरवून घेतात आणि पुष्कळदा तेच सॉफ्टवेअर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत जाऊन बसते. माझ्या मते त्याआधी उशीर नेमका कुठे होतो, हे पाहायला हवे. पासवर्ड टाकण्याचा पडदा दिसेपर्यंतच वेळ जात असेल, तर स्टार्टअप प्रोग्रॅम, म्हणजे हे आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम, बंद करून फारसा फरक पडत नाही, कारण ते साइन-इन केल्यानंतर सुरू होतात. डेस्कटॉप दिसूनही बराच वेळ काहीच उघडत नसेल, तर मात्र संशय त्यांच्यावरच घ्यावा.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो आणि त्यातल्या स्टार्टअप विभागात ही यादी दिसते. विंडोज ७ पर्यंत याच कामासाठी एमएसकॉन्फिग हे विंडोजमधलेच वेगळे साधन वापरावे लागे. याच विभागात वरच्या कोपऱ्यात बहुतेक संगणकांवर ‘लास्ट बायोस टाइम’ हा आकडा असतो. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा, संगणकाचे भाग जागे करणारा प्रोग्रॅम. विंडोजच्या हाती कारभार येण्यापूर्वी किती सेकंद गेले, ते या आकड्यावरून कळते. तो फार मोठा असेल, तर दोष बायोसच्या सेटिंगमध्ये किंवा जोडून ठेवलेल्या एखाद्या उपकरणात शोधावा.

यादीतल्या प्रत्येक प्रोग्रॅमपुढे त्याचा परिणाम लिहिलेला असतो. ‘हाय’ हा शब्द पाहून दचकण्याचे कारण नाही. सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदाहून अधिक वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीहून अधिक वाचन-लेखन, एवढ्यावरच हा शिक्का बसतो आणि आजच्या सॉफ्टवेअरच्या मानाने ही मर्यादा अगदीच तोकडी आहे. म्हणून शिक्क्यापेक्षा गरज पाहून ठरवावे. गेम, गाणी, गप्पा आणि व्हिडिओ कॉल यांचे प्रोग्रॅम, तसेच प्रिंटरबरोबर आलेले मदतनीस निर्धास्तपणे ‘डिसेबल’ करावेत. त्याने ते काढून टाकले जात नाहीत, हवे तेव्हा नेहमीप्रमाणे उघडता येतात. अँटिव्हायरस आणि टचपॅड किंवा ध्वनीशी संबंधित नोंदींना हात लावू नये. क्लाउडवर फाइली साठवणाऱ्या प्रोग्रॅमबाबत मी विशेष सावध असतो, कारण तो बंद केला की फाइली वर जाणे थांबते आणि ते सहसा लक्षातही येत नाही. काही प्रोग्रॅम अपडेटनंतर पुन्हा यादीत शिरतात, त्यांना त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमधूनच रोखलेले बरे.

ही यादी परिपूर्ण नसते. सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) आणि टास्क शेड्यूलर (ठरवलेल्या वेळी कामे सुरू करणारी विंडोजची सोय) यांमधून सुरू होणारी कामे तिच्यात दिसत नाहीत. ती पाहण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन उत्तम आहे. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याची सोय आधी वापरावी आणि नको असलेली नोंद पुसण्याऐवजी तिच्यापुढची फक्त खूण काढावी.

प्रत्येक बदलानंतर वेळ मोजताना आणखी एक भान ठेवावे. विंडोज ८ पासून आलेले ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो, तर ‘रीस्टार्ट’मध्ये सगळे नव्याने सुरू होते. त्यामुळे या दोन वेळांची एकमेकींशी तुलना करू नये.

एवढे करूनही डेस्कटॉप आल्यावर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकून राहत असेल आणि संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर यादी आणखी छाटण्यात अर्थ नाही. अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी वेगवेगळ्या जागची माहिती मागतात, प्रत्येक मागणीसाठी डिस्कचे हेड, म्हणजे माहिती वाचणारा भाग, हलावे लागते आणि मागण्यांची रांग लागते. तिथे एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवणे हाच खरा उपाय आहे. मात्र हा मंदपणा अचानक आलेला असेल, तर डिस्कच खराब होत असण्याची शक्यता असते, तेव्हा इतर कोणताही प्रयोग करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी.