पुट्टीखालचा खांब

मी पुण्यात मोटारींच्या सांगाड्याचे डिझाइन करतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्याच गटाने आखलेली एक अपघातग्रस्त गाडी पाहण्यासाठी मी सोलापुरात, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजमध्ये गेलो होतो. चौकात टेम्पो उजव्या दारावर आदळून चालकाच्या खुब्याचे हाड मोडले होते. टेम्पोचा वेग बेताचाच होता, तरीही दोन दारांमधला खांब मधोमध दुमडून आसनाला टेकला होता, आणि हे मला काही केल्या पटेना.

समोरून धडक बसली तर बॉनेटखालचा भाग चुरगळत जाऊन धक्का पचवतो; बाजूने मात्र दारापासून बरगड्यांपर्यंत जेमतेम वीतभर अंतर असते, म्हणून तिथल्या खांबाने चुरगळायचे नसते, तग धरायचा असतो. जाड पत्रा वापरला तर गाडी जड होते. त्यामुळे बोरॉनयुक्त पोलादाचा पत्रा 900 अंश सेल्सिअसच्या वर तापवून थंड साच्यात दाबतात आणि तिथेच झटकन निववतात. त्याची ताकद 1500 मेगापास्कलच्या आसपास जाते, साध्या पत्र्याच्या कितीतरी पट, आणि दीड मिलिमीटर जाडीही पुरते.

मिस्त्रींनी रंग खरवडला, तेव्हा पुट्टीखाली वेल्डिंगची आडवी रेघ निघाली. गाडी जुनी घेतलेली होती. आधीच्या कुठल्यातरी अपघातानंतर कोणीतरी खांब गॅसने लाल करून, ठोकून सरळ केला होता, आणि मालकाला याची कल्पनाही नव्हती. मिस्त्रींनी त्या रेघेजवळ ड्रिल लावले, तर सरळ कीस निघाला. तेच बिट डाव्या, धड खांबावर लावले, तर ते किंचाळत घसरत राहिले आणि त्याचे टोक निळे पडले. तापवून सावकाश निवलेल्या पत्र्यातला कडकपणा गेला होता. रंगाखालून ते कोणाला दिसणार?

"हा पत्रा तापवायचा नसतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही की ओ साहेब," मिस्त्री म्हणाले. तीस वर्षे पत्रा हाताळणाऱ्या माणसाचे हे बोलणे मला फार लागले, कारण सांगायचे काम आमचे होते.

नव्या गाडीत आम्ही बाहेरचा पत्रा खांबापासून वेगळा काढता येईल असा आखला, म्हणजे किरकोळ ठोकरीत खांबाला हात लावावा लागणार नाही. खांबावरच "तापवू नका, बदला" असे मराठी आणि हिंदीत ठसवावे, असा आग्रह मी बैठकीत धरला, तेव्हा सोलापूरहून कापून आणलेला तो हातभर तुकडा टेबलावर होता.